एक पाय जुन्या बुटात

१६ ऑक्टोबर १९३३. अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य, सॅनफर्ड नावाचं लहानसं गाव. बुटांच्या दुकानातून एक काळी बाई पळत सुटलीय. एका पायात जुना बूट, दुसऱ्या पायात नवा. सकाळीच घरमालकिणीनं तिला खोलीतून बाहेर काढलंय. आणि आता आलेली तार सांगतेय की तुमची कादंबरी छापतो, दोनशे डॉलर आगाऊ देतो. होकार कळवायला ती तारघराकडे पळतेय. दुसरा नवा बूट घालायला सवड कुणाला?

ही झोरा नील हर्स्टन. कादंबरी तिची पहिलीच. 'जोनाज गोर्ड वाइन'.

दोस्तांनो, साहित्याच्या इतिहासात पुस्तकाचं नाव असतं, साल असतं, फार तर प्रस्तावनाकाराचं नाव असतं. लिहिणाऱ्यानं त्या दिवसांत काय खाल्लं, भाडं कुणी भरलं, हस्तलिखित पोस्टात टाकायला पैसे कुणी दिले, हे कुठंच नसतं. पोटभरल्या लोकांनी लिहिलेला इतिहास असाच असणार. आपण दुसरा हिशेब मांडू. झोरानं आपल्या आत्मचरित्रात तो स्वतःच मांडून ठेवलाय, पै पैचा.

१९३३ च्या ऑगस्टात तिची एक कथा 'स्टोरी' मासिकात आली. पण कथा छापून येण्याआधीच हस्तलिखित वाचलेल्या एका प्रकाशकाचं, लिपिंकॉटचं, पत्र आलं होतं. तुमच्याकडं कादंबरी आहे काय? तिनं बेधडक कळवलं, लिहितेय. प्रत्यक्षात एक ओळ कागदावर नव्हती! मग तिनं सॅनफर्डला आठवड्याला दीड डॉलर भाड्याची एक खोली घेतली. जुलैच्या सुरुवातीला बसली, ६ सप्टेंबरला कादंबरी हातावेगळी केली. खिशात काय? काही नाही. एक चुलतबहीण दर आठवड्याला पन्नास सेंट देई, त्यात तिचं खाणं. टाइप कोण करणार? गावातल्या न्यायाधीशाच्या कचेरीतल्या एका बाईनं वाचलं आणि सांगितलं, मी करते, पैशाचं मग बघू. पोस्टाचा खर्च एक डॉलर त्र्याऐंशी सेंट. तेवढेही नव्हते. काळ्या बायकांच्या एका मंडळाच्या खजिनदारणीनं दोन डॉलर उसने दिले, तेव्हा ३ ऑक्टोबरला हस्तलिखित पोस्टात पडलं.

भाडं मात्र थकलं होतं. अठरा डॉलर. म्हणजे पुरे बारा आठवडे. १६ तारखेला तिला गावात भोंग्याच्या गाडीवरचं एका दिवसाचं काम मिळालं होतं, पंचवीस डॉलरचं. ती मालकिणीला म्हणाली, आजच पैसे येतायत, देते. मालकिणीला ते पटेचना. या बाईच्या हातात एवढे पैसे कधी येतील, यावर तिचा विश्वासच नव्हता. काढलं बाहेर. त्याच दिवशी तार आली.

आता हिशेब बघा. एक चुलतबहीण, एक टाइप करणारी, एक खजिनदारीण. या तिघींशिवाय ती कादंबरी नाही. समीक्षक म्हणतात, प्रतिभा. प्रतिभा होतीच, कोण नाही म्हणतो? पण पोस्टाच्या खिडकीवर प्रतिभा चालत नाही, तिथं तिकीटच चिकटवावं लागतं.

त्याआधी झोराला मोठा आश्रयही मिळाला होता. तो कसला, तेही बघू. १९२७ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका धनाढ्य गोऱ्या बाईनं, शार्लट मेसननं, तिच्याशी करार केला. महिन्याला दोनशे डॉलर. झोरानं दक्षिणेत फिरून काळ्या लोकांच्या गोष्टी, गाणी गोळा करायची. पण गोळा केलेलं सगळं मेसनबाईच्या मालकीचं! आपल्या आयाबायांच्या तोंडचं गाणं, आणि त्यावर मालकी दुसऱ्याची. याच आश्रयात पुढं झोराला बुटांच्या पैशासाठीसुद्धा पत्र लिहून हात पसरावा लागला. बोट बुटाबाहेर यायला झालं होतं. दोनशे डॉलरच्या दातृत्वात बूटही मागून घ्यावा लागतो, आणि दोन डॉलरच्या उसनवारीत कादंबरी मोकळी राहते. कुणाचे पैसे घ्यायचे, हा प्रश्न त्यामुळं लहान नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. गुलामांच्या शेवटच्या जहाजातून आलेला एक म्हातारा, कुजो लुईस, अलाबामात जिवंत होता. झोरानं त्याच्याकडं बसून त्याचं आयुष्य त्याच्याच बोलीत लिहून काढलं. 'बॅराकून' हे ते पुस्तक १९३१ साली तयार होतं. प्रकाशक म्हणाला, बोली काढा, भाषा नीट करा. ती म्हणाली, नाही. पुस्तक पडून राहिलं. बाहेर आलं २०१८ साली! झोरा जाऊन तेव्हा अठ्ठावन्न वर्षं झाली होती. 'तुमची भाषा अशुद्ध आहे' हे आपल्यातल्या कुणी ऐकलेलं नाही? आपल्या आईची बोली कापून द्या, मग छापतो, असं म्हणणारे सातासमुद्रापलीकडंही होते. झोरानं पुस्तक गमावलं, बोली नाही.

आता एक धागा आपल्या घरचा. झोरा शिकली ती न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात, कोलंबिया विद्यापीठाच्या बायकांच्या कॉलेजात. १९२५ साली गेली, त्या वेळी तिथं एकटीच काळी. मानववंशशास्त्र शिकली फ्रान्झ बोआस यांच्याकडं. त्याच कोलंबियात बाबासाहेब १९१३ ते १९१६ होते. ९ मे १९१६ ला त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या वर्गात, आणि गोल्डनवायझर हे बोआस यांचेच विद्यार्थी. दोघांची गाठ पडली नाही. दहा वर्षांचं अंतर. पण माणसाच्या जन्मावरून त्याची लायकी ठरत नाही, हा विचार ज्या वर्गांत चालू होता, तिथं आपला बाप आणि ही बाई दोघंही बसून गेले. पुढं १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, आणि १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. रस्ता जुना आहे.

झोराला मखरात बसवा, असं मी म्हणत नाही. शाळांमधला वर्णभेद मोडणारा निकाल १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं दिला, तेव्हा तिनं १९५५ साली वर्तमानपत्रात पत्र लिहून त्याला विरोध केला. काळ्यांना शिकायला गोऱ्यांच्या शेजारी बसायची गरज काय, हा तिचा ताठा. आपल्याला ते पटणार नाही. चवदार तळ्यावर आपण तहान भागवायला नाही, हक्क सांगायला गेलो होतो. माणूस थोर असला तरी त्याची चूक ती चूकच. भक्ती करायची नाही, हे आपल्याला बापानंच शिकवलंय.

शेवट ऐका. कुठल्याही एका पुस्तकावर तिला मिळालेली सर्वात मोठी रॉयल्टी ९४३ डॉलर ७५ सेंट. १९५० साली ती एका घरी मोलकरीण म्हणून राबत होती. २८ जानेवारी १९६० ला गरिबांच्या सरकारी आश्रमात मेली. लोकांनी वर्गणी काढून पुरलं. थडग्यावर दगड नाही. तिचे कागद जाळायला घेतले होते. रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या एका काळ्या पोलिसानं आग विझवली म्हणून काही वाचले. १९७३ साली ॲलिस वॉकर ही लेखिका रानगवत तुडवत ते थडगं शोधत गेली आणि तिनं दगड बसवला. दगडावर जन्मसाल १९०१ कोरलंय. खरं साल १८९१. फुकटच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून झोरानं आपलं वय दहा वर्षांनी कमी सांगितलं होतं. शिकण्यासाठी मारलेली थाप थडग्यावरही तिच्या सोबतीला राहिली!

आपल्याकडं काय वेगळं होतं? फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून, वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. 'जिणं आमुचं' पुस्तक होऊन आलं १९८६ साली. अशा किती वह्या पत्र्याच्या पेट्यांत वाळवीनं खाल्ल्या, त्याचा हिशेब कोण देणार?

म्हणून दोस्तांनो, एक काम करा. आपल्या वस्तीत कोण बाई लिहिते, कोण म्हातारी गाते, त्यांच्याकडं आजच जा. वही मागा, बोली न कापता उतरवून घ्या. आणि अंक निघेल तेव्हा मागच्या पानावर कवींच्या नावांखाली आणखी चार नावं छापा. कागदाला कुणी दिले, शाईला कुणी दिले, तिकिटाला कुणी दिले.

ते दोन डॉलर देणारीचं नाव इतिहासानं विसरायला नको होतं. आपण आपल्या माणसांचं विसरू नये.

जयभीम.