खांद्याला खांदा

पनवेलच्या खांदा कॉलनीत राहणाऱ्याला रिक्षावाल्यापुढे ‘खांदा’ हा शब्द रोज उच्चारावा लागतो. मला त्यावरून अनेकदा सेनिओ नदी आठवते.

इटलीतल्या या नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी एका जखमी सोबत्याला खोल पाण्यातून, निसरड्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप बाहेर आणले. मग दुसऱ्या जखमी सोबत्यासाठी ते पुन्हा त्याच वाटेने गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे ठाऊक असते. मात्र मराठा पलटणींत आपलेही लोक होते, हे आपल्याच घरांत कुणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी या पलटणींत साधारणपणे मराठ्यांच्या सहा कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्या दोन असत.

या दोस्तीची खरी कसोटी इराकमधल्या कुत येथे लागली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हे गाव वेढ्यात होते. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. बाहेर तुर्कांची, म्हणजे खुद्द खलिफाची फौज. जिहादचा फतवा नोव्हेंबर १९१४ मध्येच निघालेला. हिंदी शिपायांना फितवणारी पत्रके तुर्कांकडून येत. काही हिंदी शिपाई पळालेही. ते लपवण्याचे कारण नाही. पण बहुसंख्य मुसलमान शिपाई खंदकातच राहिले. ते इंग्रजांच्या प्रेमापोटी राहिले, असे मला वाटत नाही. शेजारी बसलेल्या उपाशी माणसाला सोडून कसे जायचे, हा सवाल फतव्यापेक्षा जवळचा असावा.

उपासमारही सामायिक होती. घोड्याचे मांस खायला हिंदूही तयार नव्हते आणि मुसलमानही. दोन्हीकडच्या धर्मगुरूंची परवानगी हिंदुस्थानातून मागवावी लागली. एप्रिल उजाडला तेव्हा बरेच जण ते खाऊ लागले, तोवर अंगात त्राण उरले नव्हते.

शरणागतीनंतर सुमारे १३,००० माणसे कैदेत गेली. तुर्कांनी हिंदू आणि मुसलमान कैदी वेगळे केले. जे वेढ्याला जमले नाही, ते कैदेने केले.

बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. त्या आकड्यात मराठा किती आणि मुसलमान किती, हे दगड सांगत नाही.