लाकूड कोणाचं, मग मशीन केवढी



लाकूड कापून फाडायची मशीन घ्यावी की नाही, यात माझे तीन महिने गेले. जळाऊ लाकडाचा धंदा वाढतो आहे, दोन गडी कुऱ्हाडीनं पुरे पडत नाहीत. एक विक्रेता घरी येऊन व्हिडिओ दाखवून गेला. एका बाजूनं ओंडका आत जातो, साखळीची करवत त्याचे फूट-फूट तुकडे करते, मागून दट्ट्या ढकलतो आणि पाचरीवरून चार फाका होऊन ट्रॉलीत पडतात. फिनलंडसारख्या थंड देशात घरं तापवायला हे रोजचंच काम आहे. बघून मीही भुललो. कर्जाचे कागद पण तयार होते.

सही करायच्या आधी आमच्या रस्त्यावरचं पत्र्याचं शेड आठवलं. त्यात एक आरामशीन गंजून पडली आहे. लहानपणी तिचा आवाज दोन वावरं ओलांडून घरी यायचा. मशीन खराब नव्हती, मालक आळशी नव्हता. मग ती बंद का पडली? तिथून मागंमागं जात राहिलो, ते आज लिहितो.

जुन्या काळी आपल्याकडं लाकूड फाडायची हत्यारं तीनच. टंगिया, कुऱ्हाड आणि मोठ्या बुंध्यासाठी लोखंडी पाचर नि घण. दांडा धावड्याचा, कारण तो झटका खातो. पाट्या पाडायच्या तर खड्डा खणून एक माणूस वर, एक खाली, मध्ये लांब करवत. हत्यार लहान होतं, पण जंगल दाराशी होतं.

इंग्रजांनी चांदा घेतल्यावर चित्र बदललं. 1865 आणि मग 1878 च्या वन कायद्यानं जंगलाला सरकारी हद्द पडली, राखीव जंगल झालं. वरोऱ्याचा कोळसा काढायला 1870 च्या दशकात वर्ध्याकडून रेल्वे आली. इंजिनाला कोळसा मिळाला, पण रुळाखालच्या स्लीपरला लाकूडच लागायचं. अहेरीच्या जमीनदारीतल्या आणि आलापल्लीकडच्या सागवानाला तेव्हापासून जो भाव चढला तो आजपर्यंत आहे. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, ते याच भागातलं.

गावकऱ्याला काय राहिलं? निस्तार. आमच्या वयाच्या माणसाला हा शब्द सांगावा लागत नाही, पोरांना सांगावा लागतो. घरच्या चुलीपुरतं सरपण, घराला बल्ल्या, नांगराला लाकूड, गुरांना चराई. मालगुजारी गावात मालगुजाराच्या जंगलातून हे मिळायचं. 1951 मध्ये मध्य प्रदेशात मालगुजारी गेली, जंगल सरकारकडं आलं. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. निस्तारच्या नोंदी कागदावर आल्या, पण कागद पटवाऱ्याकडं आणि झाड जंगल खात्याकडं. घरी जाळायला चालतं, विकायला चालत नाही, ही रेघ तिथं पक्की झाली. माझा धंदा याच रेघेवर उभा आहे, म्हणून हे एवढं लिहिलं.

याच काळात मोठी मशीन आली. बल्लारपूरची पेपर मिल 1945 ची. तिला सरकारनं करारानं बांबू दिला. 1974 मध्ये वनविकास महामंडळ झालं, त्यानं मोठमोठी तोड केली नि साग लावला. गिरणीचा आकार एवढा की जंगल तिच्या मापानं कापलं गेलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं याला विरोध केला, वर्षानुवर्षं लढा दिला. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. तो 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा हातात पडला. हक्क मिळाला तरी माल बाहेर काढायला पावणेदोन वर्षं लागली. धंदेवाल्यानं हा आकडा लक्षात ठेवावा.

आता आरामशीनचं. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 12 डिसेंबर 1996 ला हुकूम दिला, त्यात जंगलातल्या आरागिरण्या थांबवायला सांगितल्या. पुढं 30 ऑक्टोबर 2002 ला सांगितलं की केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय राज्यांनी नवीन आरागिरणी उघडू द्यायची नाही. आमच्या शेडमधली मशीन त्याच वर्षांत थांबली. पातं चांगलं होतं, मोटार चांगली होती. ओंडका आणायची वाट बंद झाली. त्या माणसानं मशीन आधी घेतली आणि लाकडाचा हिशोब नंतर केला.

मी हिशोब आधी केला. माझं लाकूड धुऱ्यावरचं आणि पडीक तुकड्यातलं: सुबाभूळ, निलगिरी, थोडी बाभूळ. सुबाभूळ-निलगिरी पेपर मिलच्या मागणीनंच शेतकऱ्यांनी लावली होती, त्यातली वाकडी आणि जाड मिलला नको असते, ती मी घेतो. शेजारच्या पाच-सहा वावरांतलं धरून वर्षाला साठ ट्रॉल्या होतात. मोह, ऐन, बिजा, साग याला हात लावत नाही. ही अनुसूचित झाडं आहेत, 1964 च्या झाडतोड कायद्याखाली स्वतःच्या धुऱ्यावरची असली तरी आधी परवानगी लागते.

विक्रेत्याची मशीन तासाला एक ट्रॉली करते म्हणाला. अर्धं खरं मानलं तरी साठ ट्रॉल्या पंधरा दिवसांत संपतात. हप्ता बारा महिने. उरलेल्या दिवसात तिच्यात काय घालू, जंगल?

दुसरं, गिऱ्हाईक. ढाबा आणि लग्नाचा स्वयंपाकी यांना सुकं, फाडलेलं, हातभर लाकूड पाहिजे. अंत्यविधीला लांब नि जाड ओंडके लागतात, ते फाडायचे नाहीतच. डेपोत जळाऊ बिट नसले की लोक रात्री-बेरात्री माझ्याकडं येतात, त्या मालाला मी मशीन लावणार नाही आणि भावही वाढवणार नाही. म्हणजे मशीनला काम माझ्या अर्ध्याच मालाचं.

म्हणून दोन वेगळ्या वस्तू बघितल्या. कापायला हातातली साखळी करवत. गंमत अशी की या करवतीची आजची साखळी एका अळीवरून निघाली. 1946 मध्ये अमेरिकेत जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या बुंध्यात बसलेली भुंगेऱ्याची अळी बघत होता. ती आडवी, डावी-उजवी कुरतडत जाते. त्यानं तसे दात केले. आपण त्याच अळीवर औषध फवारतो.

फाडायला ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारी हायड्रॉलिक मशीन. यात टनाचा आकडा मोठा सांगतात, तो स्वतः काढावा. सिलिंडर 100 मिलिमीटरचा असेल तर आतलं क्षेत्रफळ 78 चौरस सेंटीमीटर. तेलाचा दाब 175 बार असेल तर जोर साधारण 14 टन. माझ्या सुबाभळीला तेवढा भरपूर. निलगिरी ओली असतानाच फाडावी, सुकली की रेषा पिळ धरते. बाभळीच्या गाठीला 14 टन कमी पडू शकतो, ती गाठ स्मशानाच्या ढिगात टाकतो. फिरणाऱ्या शंकूच्या स्क्रूची स्वस्त मशीनही मिळते. ती मी घेणार नाही. तिच्यात धोतर, लुगडं, हातमोजा काहीही गुंडाळतं. दोन्ही हात दोन दांड्यांवर असल्याशिवाय दट्ट्या हलू नये, अशीच मशीन मागितली आहे.

गावातल्या बाया आता सरपणाला जंगलात जायला भितात. सरपण आणायला गेलेल्यांवर वाघानं केलेले हल्ले आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहेत. गॅस घरोघरी आला, पण टाकी भरायला पैसे नसले की चूलच पेटते. त्यांना मी बारीक फाटे वजनावर न देता भाऱ्यानं देतो. मशीन आली की हे फाटे जास्त निघतील.

परवा रेंज ऑफिसला जाऊन विचारलं: नुसती फाडायची मशीन, आरायंत्र नाही, लाकूड शेतातलं, याला परवाना लागतो का? लेखी अर्ज द्या म्हणाले. सातबारा आणि मशीनचा फोटो जोडून अर्ज दिला आहे. पोच घेतली. उत्तर येईपर्यंत बयाणा दिलेला नाही.