सीरिस पुन्हा सापडला तो कोष्टकामुळे

सीरिस या पहिल्या लघुग्रहाच्या शोधाचं श्रेय ज्युसेप्पे पियाझीला दिलं जातं, आणि ते रास्तच आहे. पालेर्मोच्या वेधशाळेत ताऱ्यांची यादी करत असताना 1 जानेवारी 1801 रोजी त्याला वृषभ राशीत एक अंधुक ठिपका दिसला, आणि पुढच्या रात्री तो किंचित सरकलेला आढळला. पण 11 फेब्रुवारीनंतर वेध थांबले. पियाझी आजारी पडला आणि त्याचे आकडे छापून सर्वांच्या हाती येईपर्यंत सीरिस सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला होता. युरोपात चांगल्या दुर्बिणी होत्या, कसलेले निरीक्षकही होते. पण सीरिस सूर्यामागून बाहेर आल्यावर नेमकं कुठे पाहायचं, हे सांगणारं भरवशाचं कोष्टक नव्हतं. म्हणूनच या शोधातला निम्मा वाटा मी गणिताचा मानतो.

ते कोष्टक 24 वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउसने केलं. हाताशी जेमतेम सहा आठवड्यांचे वेध, आणि तेवढ्या काळात सीरिसने आकाशात कापलेलं अंतर तीन अंशांच्या आसपास. इतर बहुतेकांनी कक्षा वर्तुळाकार धरून हिशेब केले होते. गाउसने ते गृहीतक सोडलं, निवडक वेधांवरून लंबवर्तुळ काढलं आणि बाकीच्या वेधांशी ताडून पाहिलं. मग काही दिवसांच्या अंतराने एकेक तारीख घेऊन तिच्यापुढे सीरिसची जागा मांडली. ही जागा इतरांच्या अंदाजापेक्षा कित्येक अंश पूर्वेला होती. गोथाजवळच्या वेधशाळेतून फ्रान्झ फॉन त्साखने तिकडे शोध घेतला. 7 डिसेंबरला एक संशयित ठिपका मिळाला, मग खराब हवा आडवी आली, आणि 31 डिसेंबरच्या रात्री खात्री पटली. लगेच ब्रेमेनमध्ये ओल्बर्स या निरीक्षकालाही तो सापडला.

राशिचक्राचा पट्टा चिकाटीने चाळला असता तर सीरिस आज ना उद्या मिळालाच असता, असं कोणी म्हणेल. कदाचित मिळालाही असता. पण त्या काळच्या दुर्बिणीत सीरिस ताऱ्याहून वेगळा दिसतच नव्हता. त्याची ओळख फक्त सरकण्यातून पटायची, आणि त्यासाठी आकाशाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा तपासावा लागायचा. अख्ख्या पट्ट्यासाठी हा खटाटोप किती काळ पुरला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

कोष्टकच चुकलं तर निरीक्षक भलतीकडे पाहत बसतो, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. हॅलेचा धूमकेतू परतायच्या वेळी तसं घडलंही. दलील या खगोलशास्त्रज्ञाच्या नकाशावर विसंबून शार्ल मेसिए पॅरिसमध्ये भलत्याच जागी शोधत राहिला, आणि 25 डिसेंबर 1758 ला ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याने धूमकेतू आधी पाहिला. दोष आकडेमोडीचा नव्हता. दलीलने धूमकेतू ठरावीक काळातच प्रथम दिसेल असं धरलं आणि शोधाची जागा फार अरुंद केली. याउलट लालांद आणि निकोल-रेन लपोत यांच्या मदतीने महिनोन्‌महिने आकडेमोड करणाऱ्या क्लेरो या गणितज्ञाने धूमकेतू एप्रिलच्या मध्याला सूर्याच्या सर्वांत जवळ येईल असं सांगताना महिनाभराची चूक संभवते, हेही सांगून ठेवलं. प्रत्यक्षात ती घटना 13 मार्च 1759 ला घडली. गाउसही सीरिस सापडल्यावर थांबला नाही. नवे वेध येतील तशी तो कक्षा दुरुस्त करत गेला आणि 1809 मध्ये त्याने आपली पद्धत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.