धर्मत्याग व प्राणत्याग

धर्मत्याग व प्राणत्याग : राजसत्तेने अथवा धर्मपीठाने एखाद्या व्यक्तीस स्वतःची श्रद्धा सोडण्याची आज्ञा करावी आणि नकार दिल्यास मृत्युदंडाची भीती घालावी, अशा प्रसंगी त्या व्यक्तीपुढे उभा राहणारा पेच. श्रद्धा राखून मरण पत्करणाऱ्यास हुतात्मा म्हणतात. प्राणभयाने ती सोडणाऱ्यास धर्मच्युत वा पतित म्हटले जाते. प्रत्यक्ष इतिहासात मात्र या दोन टोकांमध्ये अनेक पायऱ्या आढळतात. बाह्यतः धर्म बदलून अंतरी जुनी निष्ठा जपणे, देवतांसह स्थलांतर करणे, काही काळाने प्रायश्चित्त घेऊन स्वधर्मात परतणे, हे त्यांतील प्रमुख मार्ग होत. महाराष्ट्र व गोमंतक यांच्या इतिहासात या सर्व मार्गांची उदाहरणे मिळतात. संत नामदेवांच्या नावावरील एका पदात या पेचाचे जे चित्रण आहे, ते त्यांपैकी विशेष लक्षणीय होय.

धर्मशास्त्रीय भूमिका : कोणत्याही मोठ्या धर्माने या प्रश्नाचे एकेरी उत्तर दिलेले नाही. रोमन सम्राट डीशियस याने इ. स. २५० मध्ये सर्व प्रजाजनांस देवतांना बली अर्पण करून तसा दाखला घेण्याची सक्ती केली, तेव्हा असंख्य ख्रिस्ती लोकांनी बली दिले किंवा पैसे मोजून खोटे दाखले मिळविले. छळ ओसरल्यावर या पतितांना परत घ्यावे की नाही, असा वाद माजला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने प्रायश्चित्तानंतर त्यांना प्रवेश देण्याचा मध्यम मार्ग काढला. पुढे २५८ मध्ये त्याने स्वतः मात्र शिरच्छेद पत्करला. इस्लाममध्ये हौतात्म्यास उच्च स्थान आहे. तथापि जबरदस्तीने मुखातून धर्मत्यागाचे शब्द काढावे लागले आणि अंतःकरण श्रद्धेवर स्थिर राहिले, तर दोष लागत नाही, असे कुराणाच्या सोळाव्या अध्यायात म्हटले आहे. यहुदी परंपरेत ईश्वरनामाच्या पावित्र्यासाठी मरण पत्करणे श्रेष्ठ मानले जाते. पण बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमॉनिडीझ याने सक्तीने धर्मांतरित झालेल्यांची बाजू घेतली आणि शक्य होताच त्यांनी तो प्रदेश सोडावा, असा सल्ला दिला.

स्वधर्मात मरण श्रेयस्कर, या अर्थाचे भगवद्‌गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील वचन या संदर्भात नेहमी पुढे केले जाते. परंतु तेथील स्वधर्म म्हणजे मुख्यतः स्वतःचे नियत कर्तव्य; उपासनापंथ हा त्याचा अर्थ उत्तरकाळात रूढ झाला. महाभारताच्या शांतिपर्वातील आपद्धर्मप्रकरणात जीवनरक्षणास मोठे स्थान दिलेले आहे. देवलस्मृतीने तर म्लेंच्छांनी बळाने नेलेल्या स्त्री-पुरुषांना प्रायश्चित्तानंतर समाजात परत घेण्याचे नियमच घालून दिले. ही स्मृती असूनही परतीचे दार व्यवहारात फार क्वचित उघडले गेले. त्यामुळे एकदा लादलेला धर्मत्याग बहुधा कायमचा ठरे आणि मूळ पेच अधिकच तीव्र होई.

नामदेवांची सत्त्वपरीक्षा : नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्ये नरसी बामणी येथे झाला, असे एक प्रमुख मत आहे. कयाधू नदीकाठचे हे गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. वडील दामाशेटी व आई गोणाई हे शिंपी कुटुंब. नामदेवांच्या घरी वाढलेली संत जनाबाई परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची, तर त्यांना गुरूपदेश मिळाला तो औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून, अशी परंपरा आहे. देवगिरीवर अलाउद्दीन खल्जीची स्वारी (१२९६) झाली, तेव्हा नामदेव ऐन पंचविशीत होते. पुढे यादवांचे राज्य लयास गेले आणि मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी हलविली. ही सर्व उलथापालथ त्यांच्या हयातीतच घडली. उत्तरायुष्यात त्यांनी उत्तर भारतात दीर्घ भ्रमण केले. पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे.

शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांतील भैरव रागातील एका दीर्घ पदात पुढील कथा येते. सुलतान नामदेवांना बांधून आणतो आणि मेलेली गाय जिवंत कर, नाहीतर शिर उडवीन, असे बजावतो. मेलेले कोणी उठवू शकत नाही, आपल्या करण्याने काही होत नाही, राम करील तेच होते, असे नामदेव उत्तर देतात. संतापलेला सुलतान त्यांच्यावर हत्ती घालतो. तेव्हा नामदेवांची आई रडत रडत विनविते, की राम सोडून खुदाचे भजन का करीत नाहीस? मी तुझा पुत्र नव्हे आणि तू माझी माता नव्हेस, देह पडला तरी हरीचेच गुण गाईन, असे त्यावर पुत्राचे उत्तर आहे. लोक नामदेवांच्या भारंभार सोने देऊ करतात. पण धन घेऊन दीन सोडला तर आपण नरकात जाऊ, असे म्हणून सुलतान ते नाकारतो. पायांत बेड्या असलेले नामदेव हातांनी ताल धरून गात राहतात. सात घटका उलटतात, तरी देव येत नाही. अखेर गरुडारूढ गोविंद प्रकटतो, गाय उठते, तिच्या दुधाने घट भरतो. व्याधिग्रस्त झालेला सुलतान क्षमा मागतो आणि त्याने सत्याने व शीलाने वागावे, एवढेच नामदेव त्याला सांगतात.

ऐतिहासिक पुरावा म्हणून या पदाचा उपयोग मर्यादित आहे. त्यात सुलतानाचे नाव नाही, स्थळ नाही. निवेदन तृतीय पुरुषी असल्याने ते नामदेवांचे स्वतःचे की त्यांच्या नावे रचलेले, हा प्रश्नही उद्‌भवतो. नाभादासाच्या भक्तमालात (सु. १६००) मृत गाय उठविल्याचा निर्देश आहे आणि मराठीत महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात ही कथा विस्ताराने सांगितली आहे. म्हणजे ती घटना म्हणून सिद्ध होत नसली, तरी कथा म्हणून पंजाबपासून गोदावरीपर्यंत काही शतके मान्य होती.

या पदाचे खरे मोल त्यातील पेचाच्या मांडणीत आहे. चमत्कार बाजूला ठेवला, तरी पेच पूर्ण उरतो. कारण नामदेवांचा नकार गाय उठण्यापूर्वीचा आहे आणि त्या वेळी सुटकेची कोणतीही हमी त्यांच्याजवळ नाही. धर्मत्यागाचा सल्ला शत्रू देत नाही, आई देते, आणि तो केवळ मायेपोटी देते. सुलतानही पैशाने विकला जाणारा दाखविलेला नाही. स्वतःच्या दीनाची त्यालाही चाड आहे. अशा रीतीने येथे दोन श्रद्धावान माणसे समोरासमोर येतात. त्यांपैकी एकाच्या हाती सत्ता आहे, एवढाच त्यांच्यातील मूलभूत भेद. गाय उठली नसती तर नामदेवांची पत गेली असती, असे लोक म्हणतात, हेही पद नमूद करते. श्रद्धा एकट्याची असली, तरी तिच्या कसोटीवर साऱ्या समाजाचे लक्ष असते, याची ही जाण होय.

गोदाकाठ व शीख परंपरा : हे पद आदिग्रंथात घेणाऱ्या गुरू अर्जुनदेवांचा दोनच वर्षांनी, १६०६ मध्ये, जहांगीराच्या आज्ञेवरून लाहोर येथे छळ होऊन अंत झाला. नववे गुरू तेगबहादुर यांचा १६७५ मध्ये दिल्लीत शिरच्छेद झाला. दहावे गुरू गोविंदसिंग यांच्या दोन धाकट्या मुलांनी इस्लाम स्वीकारण्यास नकार दिला, म्हणून सरहिंद येथे त्यांना ठार करण्यात आले. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये परभणीलगतच्या नांदेड येथे आले व तेथेच ७ ऑक्टोबर रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्याकडून नांदेडला दीक्षा घेतलेल्या बंदा बहादुराने पंजाबात उठाव केला. १७१५ च्या अखेरीस तो पकडला गेला आणि १७१६ मध्ये दिल्लीत त्याच्यासह शेकडो शिखांना मृत्युदंड देण्यात आला. त्या वेळी दिल्लीत असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलांनी आपल्या पत्रात सु. ७८० कैद्यांचा उल्लेख केला असून रोज शंभरांचा शिरच्छेद होत असताना एकानेही धर्म सोडल्याचे आढळले नाही, असे नमूद केले आहे. तटस्थ परकीयांचा हा समकालीन पुरावा महत्त्वाचा ठरतो.

याच प्रसंगाची एक हकीकत इतिहासकार खाफीखान देतो. कैद्यांतील एका तरुणाच्या आईने, आपला मुलगा शीख नसून त्यांच्या तावडीत सापडलेला आहे, असा अर्ज करून माफी मिळविली. ती घेऊन ती वधस्थानी पोहोचली, तेव्हा मुलाने, माझी आई खोटे बोलते, मी मनोभावे गुरूचाच अनुयायी आहे, असे सांगून मरण पत्करले. नामदेवांच्या पदातील माता-पुत्र संवादाशी या हकीकतीचे साम्य उघड आहे. फक्त येथे गरुडारूढ गोविंद आला नाही.

मराठेशाहीतील उदाहरणे : सतराव्या शतकात मराठ्यांपुढे हा पेच वारंवार आला. शिवाजी महाराजांचा सरनोबत नेताजी पालकर याला औरंगजेबाने कैद करून १६६७ मध्ये मुसलमान केले, मुहम्मद कुलीखान हे नाव दिले आणि वायव्य सरहद्दीकडे रवाना केले. नऊ वर्षांनी तो परत आला आणि १६७६ मध्ये महाराजांनी त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घेतले. विजापूर दरबारी धर्मांतरित झालेल्या बजाजी निंबाळकरासही असेच परत घेण्यात आले आणि त्याचा मुलगा महादजी यास महाराजांनी आपली कन्या सखुबाई दिली. रोटीबेटीचा हा व्यवहार प्रायश्चित्तविधीहूनही अधिक परिणामकारक होता. कारण परतलेल्यास पंक्तीत जागा मिळते की नाही, यावरच धर्मत्याग कायमचा की तात्पुरता, हे ठरत असे.

संभाजी महाराजांना फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे पकडण्यात आले व हालहाल करून ११ मार्च १६८९ रोजी ठार मारण्यात आले. धर्मांतराची अट घातल्याचा तपशील मुख्यतः उत्तरकालीन मराठी बखरींत येतो. फार्सी तवारिखांचा भर किल्ले, खजिना व राजाचे उद्धट उत्तर यांवर आहे. तपशील कोणताही ग्राह्य धरला, तरी त्यांनी शरणागतीची भाषा केली नाही, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. त्यांचे पुत्र शाहू मोगली छावणीत असताना १७०० च्या सुमारास त्यांच्याही धर्मांतराचा घाट घातला गेला. तेव्हा प्रतापराव गुजरांच्या दोन मुलांनी त्यांच्याऐवजी स्वतः इस्लाम स्वीकारून शाहूंना वाचविले, असे मराठ्यांचा इतिहास सांगतो. दुसऱ्यासाठी धर्म सोडणाऱ्या या भावांना हुतात्मा म्हणण्याचा प्रघात नाही. परंतु त्यांचा त्याग त्याहून हलका होता, असेही म्हणता येत नाही.

कोकण व गोमंतक : वसई येथे जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन पंथीय बंधू जपानात नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी इतर २५ जणांसह क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्यास संतपद मिळाले. याच काळात गोव्यात ख्रिस्ती धर्मपीठाच्या हाती दंड होता. तेथील इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू होऊन, मधला अल्प खंड वगळता, १८१२ पर्यंत चालले. बाह्यतः ख्रिस्ती होऊन अंतरी पूर्वधर्म पाळणारे नवख्रिस्ती हे तिचे मुख्य लक्ष्य होते. प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ऑर्ता याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्यावरून १५६९ मध्ये जाळण्यात आले आणि खुद्द ऑर्ताची हाडे १५८० मध्ये उकरून जाळण्यात आली. धर्मत्यागाने प्राण वाचतात, हे गृहीतकच येथे खोटे ठरले. ज्यांना शक्य होते त्यांनी तिसरा मार्ग स्वीकारला. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास नेण्यात आली, ती याच कारणास्तव. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना असोळणे येथे बोलावून मारले. दोन्ही पक्ष आपापल्या मृतांना हुतात्मेच मानतात.

मूल्यमापन : हुतात्म्यांची स्मृती जपली जाते, तशी वाकलेल्यांची जपली जात नाही, त्यामुळे उपलब्ध साधनांत पहिल्यांचे पारडे स्वभावतःच जड आहे. मुलाबाळांसाठी, भीतीने किंवा केवळ थकून धर्म बदलणाऱ्यांची संख्या सर्वत्र अधिक असावी. त्यांच्याकडे नैतिक दुर्बलता म्हणून पाहणे इतिहासदृष्ट्या अपुरे होय. कारण तो पेच त्यांनी निर्माण केलेला नव्हता. त्याचे उत्तरदायित्व प्रथम तो लादणाऱ्या सत्तेकडे जाते, आणि दुसरे, परतणाऱ्यास दार न उघडणाऱ्या समाजाकडे. नामदेवांच्या पदात गोणाईची निर्भर्त्सना कोठेही नाही, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य मान्य केले. श्रद्धा राखणे वा बदलणे हा प्राणांतिक प्रश्न राहू नये, हेच त्यामागील तत्त्व होय.