निर्मळची एकादशी

सज्जनहो, कार्तिक वद्य एकादशी म्हटली की आपली पावले आळंदीकडे वळतात. ज्ञानोबारायांनी शके १२१८ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस समाधी घेतली, त्या सोहळ्याचीच ही एकादशी. याच तिथीला वसई भागात, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस निर्मळ गावी शंकराचार्यांच्या समाधीची यात्रा भरते. तिथी एक, समाध्या दोन. पुष्कळ वारकऱ्यांना हे ठाऊक नसते.

निर्मळ क्षेत्र जुने. येथील विमल तीर्थाशी परशुराम व विमलासुराची कथा जोडलेली आहे. पुराण क्षणभर बाजूला ठेवा. शेजारचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उजेडात आणला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. म्हणजे धर्माचा शब्द या मातीत दोन हजार वर्षांहून अधिक काळ ऐकू येतो आहे.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली. देवळे पडली, अनेक घरांचा धर्म बदलला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मराठी अमदानीत निर्मळचे देवस्थान पुन्हा उभे राहिले. आज येथे टेकडीवर समाधी आहे आणि गावात होली क्रॉस चर्च आहे. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची बोली मात्र अजून एकच. यात्रेत सुकेळी घ्यायला दोन्ही घरची माणसे येतात. भेदाभेद अमंगळ असे आपण कीर्तनात सांगतो. येथे ते बाजारात दिसते.

आता शहर दाराशी आले आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती बारा लाखांवर गेली. आपली गावे शहरात नकोत म्हणून गावकरी रस्त्यावर उतरले. 'हरित वसई'साठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे झाले, आणि वाडीतली हिंदू-ख्रिस्ती माणसे त्यांच्याबरोबर उभी राहिली. पाणी राखण्यात धर्म आड आला नाही.

येथे पावसाचे पाणी बावखलांत साठे आणि विहिरींना पुरे. कित्येक बावखले बुजली, सखल शेतांवर भराव पडला. जुलै २०१८ मध्ये वसईतील वस्त्या पाण्यात बुडाल्या. पाण्याची जागा घेतली की पाणी ती परत मागते.

माउली, माझे मागणे एवढेच. नव्या इमारतींतून राहणाऱ्या मंडळींना दूर आळंदी जमली नाही, तर त्यांनी टाळ घेऊन निर्मळला जावे. मात्र तळ्यात निर्माल्य टाकू नये, आणि जवळचे बावखल बुजत असेल तर गप्प बसू नये. तिथी पंचांगात राहीलच. तीर्थ राखायचे ते आपणच.

राम कृष्ण हरि!