डिलीट न होणारी फाइल

सर्व्हरवरची जी फाइल किंवा जे फोल्डर नेहमीच्या आज्ञेने पुसले जात नाही, ते. अशी फाइल खराब झालेली क्वचितच असते. बहुतेक वेळा तिचे नाव, हक्क किंवा तिला धरून बसलेला एखादा प्रोग्रॅम आड येतो.

देवनागरी नावे सर्वांत जास्त चकवतात. ग्वाल्हेरच्या ‘पड़ाव’ भागाच्या नावाचे फोल्डर घ्या. त्यातला ‘ड़’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकच अखंड संकेत, किंवा ‘ड’ आणि नुक्ता असे दोन. पडद्यावर काडीचाही फरक दिसत नाही. पण यूटीएफ-८मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो, म्हणून एक ‘पड़ाव’ १२ बाइटांचा होतो आणि दुसरा १५. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी-४ फाइल सिस्टीम नावे बाइटला बाइट लावून ताडते. त्यामुळे डोळ्यांसमोरचे नाव जसेच्या तसे टाइप करूनही ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते. मराठी ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ही असाच; तो कधी अखंड असतो, तर कधी ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह मिळून बनतो. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी लिहिणाऱ्या ग्वाल्हेरकराला हे दोन्ही पेच भेटतात.

यावर उपाय म्हणजे नाव टाइपच न करणे. ‘प’ लिहून टॅब दाबावा. उरलेले नाव मशीन स्वतः भरते. दोन ‘पड़ाव’ शेजारी शेजारी असतील तर ‘एलएस’ला ‘आय’ पर्याय देऊन आयनोड क्रमांक, म्हणजे फाइल सिस्टीममधला तिचा ओळख क्रमांक, काढावा आणि ‘फाइंड’ला तो क्रमांक द्यावा. आधी फक्त शोधून पाहावे, नेमके तेच फोल्डर सापडल्याची खात्री करावी, मगच पुसण्याची आज्ञा जोडावी. चिडून रूटने, म्हणजे सर्वाधिकारी खात्याने, ‘आरएम -आरएफ’ चालवणे हा उपाय नव्हे. त्यात शेजारची वर्षानुवर्षांची कागदपत्रेही जाऊ शकतात.

हक्कांबाबत एक गैरसमज पक्का बसलेला आहे. लिनक्समध्ये फाइल पुसणे म्हणजे फोल्डरच्या यादीतली तिची नोंद खोडणे. म्हणून लिहिण्याचा हक्क फाइलवर नव्हे, फोल्डरवर लागतो. ‘चॅटर’ने ‘आय’ खूण लावलेली फाइल मात्र रूटलाही दाद देत नाही. आधी ती खूण काढावी लागते. एखाद्या प्रोग्रॅमने उघडलेली फाइल लिनक्स पुसू देते, पण तो ती सोडेपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. कोण धरून बसले आहे ते ‘एलएसओएफ’ सांगते.

विंडोजमध्ये उघडी फाइल सहसा पुसताच येत नाही. ‘कॉन’, ‘ऑक्स’, ‘नल’ ही उपकरणांसाठी राखून ठेवलेली नावे, शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असलेली नावे आणि २६० अक्षरांपलीकडचे मार्गही अडतात. पूर्ण मार्गाआधी दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक बॅकस्लॅश लावला की विंडोज नावाची ही छाननी वगळते आणि फाइल जाते.