घास कोणी भरवायचा?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पंधरावा अध्याय उघडला, की आपण थेट एका रुग्णागारात जाऊन पोहोचतो. वमन-विरेचनासाठी घर कसे असावे, वारा कितपत यावा, उखळ-मुसळ आणि स्वयंपाकघर यांची सोय कशी हवी, हे सांगून झाल्यावर ग्रंथकार माणसांकडे वळतो. डाळ-भात रांधणारा, अंघोळ घालणारा, अंग चेपणारा, रुग्णाला उठवणारा, पुन्हा निजवणारा, औषधे कुटणारा अशी एकेक नेमणूक तो करतो. हा थाट राजे-धनवंतांसाठी होता, हे खरे. तरीही रुग्णाला उठवून बसवणे हे कोणा एकाचे स्वतंत्र काम आहे, हे इतक्या लवकर ओळखले गेले, याचे मला फार मोल वाटते. शोधनानंतर आधी पेया, मग विलेपी, मग यूष आणि शेवटी मांसरस हा चढता क्रमही त्याच परंपरेतला. आजारातून उठणाऱ्या माणसाला आपण आजही आधी पेज देतो आणि मग मऊ भात.

युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत निजल्या जागी पाजण्यासाठी चोचीचे चिनी मातीचे पेले घरोघर आले. पण ज्याला गिळताच येत नाही, त्याचे काय? लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांच्याकडे १७९० मध्ये असाच एक रुग्ण आला. हंटर यांनी देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्टीवर ईल माशाची कातडी चढवून नळी केली, ती जठरापर्यंत सरकवली आणि तिच्यातून दूध, फेटलेली अंडी, साखर, वाइन असे पातळ अन्न पोहोचवले. त्या माणसाला पुढे गिळता येऊ लागले.

पुढचे वळण क्रिमियाच्या युद्धातले. स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात मांसाचे तुकडे गच्च बांधून मोठ्या हंड्यांत एकत्र उकळत आणि ते आतून कच्चेच राहत. १८५५ मध्ये आचारी अलेक्सिस सॉयर यांनी तिथले स्वयंपाकघर सुधारले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मात्र स्वयंपाकघरापासून खाटेपर्यंतचे अंतर पाहिले. १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये त्यांनी अन्न भरवण्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. अगदी अशक्त माणसाला सकाळी घन अन्न जात नाही. त्याला ठरल्या वेळी तासातासाला चमचाभर द्यावे. न खाल्लेले ताट ‘खाईल नंतर’ म्हणून उशाशी ठेवू नये, त्याने उरलीसुरली भूकही मरते. बशीत सांडलेला चहा हासुद्धा त्यांच्या लेखी परिचर्येतला दोष होता. अन्न मुबलक असतानाही रुग्ण उपाशी राहतात आणि ते लक्ष न दिल्यामुळे, हे त्यांनी तेव्हाच बजावले.

विसाव्या शतकात नळी पुढे गेली आणि हात मागे पडला. १९२१ मध्ये अमेरिकेत लेविन यांची नळी आली. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन रायल यांनी जठरातला रस तपासण्यासाठी आपली नळी मांडली. आत काय आहे ते बाहेर काढण्यासाठी घडवलेली तीच ‘रायल्स ट्यूब’ आज आपल्याकडच्या प्रत्येक वॉर्डात अन्न आत घालण्यासाठी वापरतात. १९३५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर मार्जरी वॉरन वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात वर्षानुवर्षे पडून असलेल्या वृद्धांना उठवून बसवू लागल्या आणि त्यातून वृद्धवैद्यक उभे राहिले. १९७४ मध्ये अमेरिकन डॉक्टर चार्ल्स बटरवर्थ यांनी दुखणे नेमके पकडले: वजनाची नोंद नाही, तपासण्यांसाठी जेवणे चुकवली जातात, सलाइन-ग्लुकोजवर दिवस काढले जातात, किती खाल्ले ते कोणी पाहत नाही आणि जबाबदारी सगळ्यांची म्हणून कोणाचीच नाही. वीस वर्षांनी स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रुग्णालयात दाखल झालेल्या ५०० रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा २०० जण कुपोषित निघाले. दरम्यान १९८० मध्ये दुर्बिणीच्या मदतीने पोटातून थेट जठरात नळी बसवण्याची रीत प्रसिद्ध झाली. ती मुलांसाठी निघाली होती. पाहता पाहता स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या पोटावर जाऊन बसली. बळावलेल्या स्मृतिभ्रंशात तिने आयुष्य वाढते किंवा ठसका लागून होणारा न्यूमोनिया टळतो याला पुरावा नाही, असे १९९९ च्या आढाव्याने सांगितले. वैद्यकाला पुन्हा हाताने भरवण्याकडे वळावे लागले. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, प्रत्येकाचा आहार स्वतंत्र आखल्यावर तीस दिवसांतले मृत्यू ९.९ टक्क्यांवरून ७.२ टक्क्यांवर आले. आहाराला औषधाच्या बरोबरीने बसवणारा हा आकडा आहे.

आपल्या वॉर्डांत हा घास बहुतेक वेळा नातेवाईकच भरवतात, पण त्यांना तो भरवायला शिकवत मात्र कोणी नाही. खाटेची डोक्याकडची बाजू वर घ्यायची, कवळी धुऊन बसवायची, आजोबा नीट जागे आहेत ना ते पाहायचे. अर्धा चमचा द्यायचा, गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत थांबायचे, गालात घास साठला नाही ना ते बघायचे. ठसका लागला किंवा आवाज ओला झाला, तर तिथेच थांबून सिस्टरला सांगायचे. पातळ पदार्थ श्वासनलिकेत जात असेल तर तो किती दाट करायचा, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टने ठरवायचे. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवायचे. आणि ताट उचलायला येणाऱ्या मावशींनी ते उचलण्याआधी, किती खाल्ले ते केसपेपरवर लिहून घ्यायचे.